शिवेवरचा सदरा

पोळा तोंडावर आला की मुखरू सुताराच्या मांडवात गावातली पोरं येऊन घोंगावतात. तान्ह्या पोळ्याला ज्याला त्याला लाकडी बैल हवा असतो. कुणाला चाकं हवीत, कुणाला शिंगांना रंग हवा, कुणाचा गेल्या सालचा बैल पाय मोडून बसलेला. मुखरू म्हातारा, कानाने अधू आणि तोंडाचा फटकळ. तो सगळ्यांना हाकलून लावतो. एका पोराला मात्र त्याने कधी जा म्हटलं नाही, आणि त्या पोरानेही कधी बैल मागितला नाही.

ते पोर देवाजीचं. नाव लच्छू, वय आठ. मांडवाच्या मधल्या खांबाला टेकून तो बसतो, बैलाला न लावलेलं एखादं चाक जमिनीवर फिरवतो आणि ते पडेपर्यंत पाहतो. पडलं की पुन्हा फिरवतो. तोंडाने एकसारखी गुणगुण चालू. तो बोलत नाही. मुखरूला ऐकू येत नाही. दोघांचं छान जमतं, कारण भांडायला काही जागाच नाही.

मूल या तालुक्याच्या गावापासून कोसभर आत, जंगलाला लागून असलेलं सावरटोला हे गाव. साल चौऱ्याऐंशी. धानाचा रोवणा संपला होता, बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, हिरव्या झाल्या होत्या. त्या दिवशीही देवाजी बांधीवरून परतताना रोजच्यासारखा मांडवापाशी थांबला.

"चाल गा लच्छू."

लच्छूने चाक मुखरूच्या पायापाशी ठेवलं आणि उठला. देवाजीने त्याचा हात धरला नाही. हात धरलेला त्याला खपत नसे. अंग आक्रसून घ्यायचा. म्हणून बाप पुढे आणि पोरगं चार हात मागे, अशी त्यांची चाल. देवाजीला मागे वळून पाहावं लागत नसे. गुणगुण ऐकू येतेय, म्हणजे पोरगं मागे आहे.

ही गुणगुण आली कुठून, ते बापाला ठाऊक होतं. दोन सालांमागे तो धान घेऊन मूलच्या राईस मिलमध्ये गेला, तेव्हा लच्छूला सोबत नेलं होतं. मिल सुरू झाली आणि हे पोरगं भिंतीला तळहात लावून उभं राहिलं. दुपारभर तसंच. भिंत थरथरत होती आणि लच्छू हसत होता. देवाजीने त्याला हसताना पाहिलं ते तेव्हाच. परतताना बाजारातून त्याला वाढत्या अंगाचा, निळ्या चौकडीचा सदरा घेतला. त्या दिवसापासून लच्छूच्या तोंडात मिलचा आवाज आणि अंगात तो सदरा. दुसरा सदरा घातला की तो काढून फेकायचा. म्हणून मनकर्णा, त्याची आई, रोज संध्याकाळी सदरा धुवायची, चुलीवरच्या दोरीवर वाळत टाकायची आणि सकाळी त्याच्या उशाशी ठेवायची. सदरा ओढून फाडू नये, गुंड्या काढून उतरवावा, हे त्याला शिकवायला तिला अख्खं साल लागलं होतं. पण शिकला. वरच्या गुंडीपासून सुरुवात करायचा, एकेक करत खाली यायचा आणि शेवटची निघेपर्यंत कुणी घाई केलेली त्याला चालत नसे.

देवऋषी झाले, दर्गा झाला, चांद्याची महाकाली झाली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातही नेऊन आणलं. तिथल्या डॉक्टरने एक लांबलचक इंग्रजी शब्द सांगितला. तो देवाजी बसस्टँडवर येईपर्यंत विसरला. डॉक्टर म्हणाला होता, याला औषध नाही, पण पोरगं वेडं नाही, त्याला माणसांत ठेवा. देवाजीच्या कानांनी पहिलंच तेवढं धरलं, औषध नाही. त्या दिवसापासून त्याच्या आतलं काहीतरी बधिर झालं. रोवण्याच्या चिखलात दिवसभर बुडालेली बोटं संध्याकाळी आपली वाटत नाहीत, तसं. तो कामाला जाई, जेवी, झोपे. कुणी विचारलं "पोरगा कसा आहे गा," तर "आहे" म्हणे. बस.

घरी आले तर ओसरीवर सोमाजी बसलेला. सोमाजी देवाजीचा थोरला चुलतभाऊ. गावात त्याचा शब्द चाले, आणि मुख्य म्हणजे बोडीचं, गावच्या तळ्याचं, पाणी कुणाच्या बांधीत आधी सोडायचं ते तोच ठरवी. धानाच्या मुलखात पाण्याचा धनी तो गावाचा धनी, हे काय वेगळं सांगायला पाहिजे?

"बस देवाजी," सोमाजी म्हणाला. घर देवाजीचं, पण बस सोमाजी म्हणाला. "माहा मोऱ्या बैल खुरीनं गेला, तुले मालूम आहे. गावात आनखी ढोरं लंगडून राह्यले. हे कायच्यानं होऊन राह्यलं?"

"साथ आहे भाऊ. ढोराचा डाक्टर सांगे."

"डाक्टर पगारी मानूस. आज इथी, उद्या तिथी. आपल्याले इथीच राहा लागते." सोमाजीने पानाची पिंक अंगणात टाकली आणि दाराशी उभ्या मनकर्णाकडे पाहिलं. "तुमी दरसाल मारबतीले पोराची चिंधी बांधता. फाटकी, टाकाऊ. पीडा काय वेडी आहे? तिले समजत नाई? या बारीनं आंगावरचा सदरा द्या. हा."

त्याने बोट दाखवलं. लच्छू ओसरीच्या कडेला गळ्याखालची गुंडी बोटांत धरून बसला होता.

आता हे मारबतीचं सांगायला पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गावोगाव तणसाची, धानाच्या पेंढ्याची, एक बाई करतात, तीच मारबत. घरोघरचे लोक दारात लावलेली पळसाची फांदी उपटतात, फुटकी सुपं, झिजलेले झाडू तिच्या अंगावर बांधतात आणि "इडा-पिडा घेऊन जाय गे मारबत" म्हणत तिला शिवेबाहेर नेऊन जाळतात. वाईट काय आहे त्यात? घाण घराबाहेर जाते. पण चार बायांनी विहिरीवर मनकर्णाच्या डोक्यात भरवलं, की पोराचा कपडा बांध, त्याचं मुकेपण जाईल. आईच ती. तिने बांधला. मुकेपण गेलं नाही. पण लच्छूचा कपडा झाडू-सुपांच्या रांगेत जाऊन बसला, आणि हळूहळू गावाला लच्छूही त्याच रांगेतला वाटू लागला. आधी म्हणत, पोराला पीडा आहे. मग म्हणू लागले, पोरगाच पीडा आहे. हा फरक कुणी केला, कधी केला, कुणालाच सांगता यायचं नाही.

"तो दुसरा सदरा घालत नाई जी," मनकर्णा हळूच म्हणाली.

"मंग त तोच पायजे. त्याच्यातच आहे सारं." सोमाजी उठला. "आन् देवाजी, या बारीनंही नाई भागलं त पोराले बोडीच्या पाळीवर खोपडी बांधून दे. मायनं दोन टाइम भात नेऊन द्यावा. मी का त्याले मारा म्हनून राह्यलो? गावाच्या बाहेर ठेवा म्हनतो. नाई त पान्याचं मग माह्याकडं मागू नोको."

एवढं बोलून तो गेला. देवाजी पाय धुवायला उठला. मनकर्णा बराच वेळ सुपातले तांदूळ नुसतेच वरखाली करत राहिली.

"देऊन टाकू जी," ती शेवटी म्हणाली. "सदराच त आहे. मूलच्या बाजारात अशीच चौकड भेटन. त्याले का समजते?"

देवाजी म्हणाला, "दे."

पोळा नेहमीसारखा झाला. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणून झालं. दुसऱ्या दिवशी बैल सजले, तोरणाखाली उभे राहिले, झडत्यांची गाणी म्हणून झाली, पुरणपोळीचा घास बैलांच्या तोंडी गेला. रोगाच्या सावटामुळे डफड्याला जोर नव्हता, इतकंच. संध्याकाळी मनकर्णाने सदरा धुतला. त्या दिवशी तिने तो जरा जास्तच घासला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या पहाटे, तिने दोरीवरून सदरा काढला. लच्छू उघड्या अंगाने झोपला होता. त्याच्या उशाशी तिने देवाजीची जुनी बनियन घडी करून ठेवली आणि सदरा नवऱ्याच्या हातात दिला. सदरा चुलीच्या उबेने अजून कोमट होता. देवाजीने तो खाकेत मारला, दारातली पळसाची फांदी उपटली आणि निघाला.

मारुतीच्या पारापाशी माणसं जमली होती. मारबत बांबूला बांधून तयार होती. सोमाजीने देवाजीच्या हातून सदरा घेतला आणि स्वतः तिला घातला. बाह्यांतून तणस भरलं, गुंड्या लावल्या, पार गळ्यापर्यंत. आठ वर्षांच्या पोराचा सदरा तिला नेमका बसला. पाठमोरी पाहिली तर लच्छूच बांबूवर चढवलाय असं वाटावं. देवाजीने पाहिलं. त्याला काहीच वाटलं नाही. आपल्याला काही वाटत नाही हेदेखील त्याला वाटलं नाही.

डफडं वाजलं. पोरं ओरडत निघाली. घराघरातून फांद्या येऊन मिळत गेल्या. आणि देवाजीच्या गल्लीच्या तोंडाशी लच्छू उभा होता. उघडा, अनवाणी, डोळ्यांत झोप. तो कुणाकडेच पाहत नव्हता. तो सदऱ्याकडे पाहत होता. मारबत पुढे गेली तसा तो तिच्या मागे चालू लागला.

"मुका आला, मुका आला," पोरांनी कालवा केला.

एकाने त्याला मागे ढकललं. सोमाजीने हात वर केला. "राहू द्या. येऊ द्या त्याले. आपुन कोनी बलावलं नाई, आपल्या पायानं आला. बरंच झालं."

देवाजीने "लच्छू, घरी जाय" म्हणायला हवं होतं. तीन शब्द. बैलाला हाकतानासुद्धा माणूस याहून जास्त बोलतो. पण बोडीचं पाणी होतं, सोमाजी होता, आजूबाजूला सगळं गाव होतं, आणि देवाजीच्या तोंडात जीभ होती की नव्हती कोण जाणे. तो खाली मान घालून चालत राहिला.

शिवेवर शेंदराचा दगड आहे. त्याच्या पलीकडे नाला, नाल्यापलीकडे जंगल. दगडापल्याड मारबत टेकवली, मातीचं तेल ओतलं, काडी लावली. फांद्या तिच्या पायाशी पडल्या. मग सगळ्यांनी गावाकडे तोंडं केली. मारबत पेटली की मागे वळून पाहायचं नाही, असा नेम आहे. जो पाहील त्याच्या घरी पीडा परत येते. वाडवडिलांनी घालून दिलेला नेम. का घालून दिला, हे विचारायला वाडवडील आता भेटत नाहीत.

माणसं चालू लागली. डफडं बंद होतं. परतताना ते वाजवत नाहीत. त्यामुळे देवाजीला मागची गुणगुण स्पष्ट ऐकू आली.

रोज संध्याकाळी ऐकू येते तीच. पण रोज ती त्याच्या मागोमाग येते, चार हात अंतर ठेवून. आज ती जागच्या जागी होती. देवाजी पुढे जात होता तशी ती लांब पडत होती. त्याची पावलं रेंगाळली. सोमाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सामने पाय, देवाजी."

देवाजीने सामने पाहिलं. समोर गाव होतं, बोडीची पाळ होती, आपली हिरवी बांधी होती. तो आणखी काही पावलं चालला.

मग गुणगुण बंद झाली.

दोन सालांत ती जागेपणी कधी बंद झाली नव्हती. देवाजी थांबला. खांद्यावरचा हात घट्ट झाला. देवाजीने तो हात झटकला आणि मागे वळून पाहिलं.

मारबत धडधडून पेटली होती आणि लच्छू तिला भिडून उभा होता. सदरा ओढायचा नाही, गुंड्या काढायच्या. आईने शिकवलं होतं ना. तो गुंड्या काढत होता. वरची निघाली होती. दोन्ही हात जाळात होते आणि तो दुसरी गुंडी काढत होता.

देवाजी कसा धावला, त्याचं त्याला आठवत नाही. त्याने पोराला कवेत घेऊन मागे खेचलं. त्याबरोबर सदराही फाटून आला, एक बाही आणि पाठ जळालेला. देवाजीने तळहातांनी तो विझवला. लच्छू ओरडला नाही. त्याच्या हातांची कातडी बोटांपासून मनगटापर्यंत सुटली होती, आणि तो सदऱ्याची उरलेली गुंडी धरायला पाहत होता, ती त्याला धरता येत नव्हती.

"कोनी तरी या," देवाजी म्हणाला. ओरडला नाही. आवाजच तेवढा निघाला.

माणसं लांब नव्हती. ती थांबली होती. सगळ्यांनी ऐकलं होतं. पण एकही जण वळला नाही. गावातले शहाणेसुरते, लेकरंबाळंवाले सगळे पाठमोरे उभे होते. कुणाची मान जराशी हलली, कुणाची बोटं फांदीशी चाळा करत राहिली. पुढच्या पोरांपैकी एक वळू पाहत होतं. त्याच्या बापाने त्याचं डोकं धरून सरळ केलं. मग सोमाजी म्हणाला, "चाला," आणि ते चालू लागले.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. देवाजीला तेही कळत नव्हतं. त्याने पोराला उचललं आणि नाल्याच्या वाटेने शेजारच्या गावी उपकेंद्राकडे निघाला.

उपकेंद्रात सत्यशीलाबाई नर्स होत्या. त्यांनी आधी काही विचारलं नाही. पोराच्या हातांवर गार पाणी सोडलं, मलम लावलं, पट्टी बांधली. मग देवाजीचे हात उताणे केले.

"तुमचेही जळले, देवाजीभाऊ. समजलं नाई काय?"

"नाई," देवाजी म्हणाला.

पट्टी बांधताना त्यांनी विचारलं आणि त्याने सांगितलं. सरळ, क्रमाने, दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसं. बाई ऐकत होत्या. कापसाचा बोळा बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "छप्पनच्या दीक्षेच्या आधी माहा आजा तुमच्याच गावच्या शिवेवर राहे. त्या दगडाच्या पलीकडं. कोनी मेलं, ढोर मेलं, पानी नाई आलं, का आमीच पीडा. गावानं आमच्याकडं कधी तोंड करून नाई पायलं. आता आमी दूर निघून आलो त गावाले जागा खाली वाटून राह्यली. म्हून तुमचं लेकरू लागते तिथी."

त्या रागाने बोलत नव्हत्या. देवाजीने मान हलवली. त्याला रडू यायला हवं होतं, आलं नाही.

"चंद्रपूरले नेऊ लागन याले. हाताचं मी नाई सांगत, बोटं सरळ राहतीन का नाई. आज सनाची मोटार नाई. सध्या घरी न्या, उद्या चिठ्ठी देईन."

लच्छू बाकावर बसून पुढेमागे डुलत होता. गुणगुण नव्हती. तोंड उघडं, आवाज नाही. देवाजी त्याच्याजवळ बसला. काय करावं त्याला कळेना. हात धरता येत नव्हता, तो तर एरवीही धरता येत नव्हता. मग देवाजीने तोंड मिटून घशातून आवाज काढला, मिलचा. त्याला तो नीट येत नव्हता. जरा वेळाने आला. लच्छूचं डुलणं हळू झालं. त्याने आपलं कपाळ बापाच्या छातीला टेकवलं, आवाज जिथून येत होता तिथे, आणि तसाच राहिला. देवाजी गुणगुणत राहिला. दम लागला तरी थांबला नाही.

तेवढ्यात मनकर्णा धावत आली. तिला कुणी तरी सांगितलं होतं. तिने पट्ट्या पाहिल्या, बाकावरचा जळका सदरा पाहिला आणि तो उचलून हातात घेतला.

"मीच देल्ला," ती म्हणाली. "माह्याच हातानं."

"मीच नेला," देवाजी म्हणाला. यापुढे त्या विषयावर त्या दोघांत कधी बोलणं झालं नाही.

संध्याकाळी तान्हा पोळा होता. देवाजी कुणाची बैलबंडी मागून पोराला गावात घेऊन आला आणि घरी न जाता सरळ मुखरूच्या मांडवात गेला. मुखरू म्हातारपणामुळे मारबतीला जात नसे. त्याला सगळं मागून कळलं होतं. त्याने पट्ट्यांकडे पाहिलं, मग कोपऱ्यातून एक बैल काढला. सागाचा, लाल शिंगांचा, चाकं मोठी. कुणी मागितला नव्हता तो. त्याने दोरी देवाजीच्या हातात दिली.

"नोका जाऊ जी," मनकर्णा म्हणाली. "त्याईच्या सामने नोका जाऊ."

"त्याईच्याच सामने जातो."

मारुतीच्या पारासमोर पोरं आपापले बैल घेऊन रांगेत उभी होती. देवाजीने बैल ओढत आणून रांगेच्या टोकाला उभा केला. लच्छू त्याच्या मागून आला आणि बैलाजवळ उकिडवा बसला. शेजारच्या पोराच्या आईने आपलं पोर ओढून घेतलं. मग त्याच्या शेजारचीने. रांगेत भली मोठी मोकळी जागा पडली.

सोमाजी पारावर उभा होता. हातात खाऊची परात. "देवाजी, तुनं मागं पायलं. सारी पीडा घरी घेऊन आला. आता त्याले इथी कायले आनलं?"

देवाजी उभ्या जन्मात चारचौघांत बोलला नव्हता. आताही त्याचा आवाज चढला नाही.

"हो भाऊ. पायलं. मागं माहा पोरगा होता. पीडा मले कुठी दिसली नाई. तुमी पायली काय?"

सोमाजी परातीतला खाऊ सारखा करू लागला.

"कोनी पायली?" देवाजीने सगळ्यांकडे पाहिलं. "आजवर कोनी मागं वळून पायलंच नाई. मंग मागं काय आहे ते तुमाले कसं मालूम? माह्या पोराचे हात जळून राह्यले होते. मी आवाज देल्ला. तुमाले ऐकू आला. कोन्या एकाले नाई आला असन त सांगा."

बायांच्या घोळक्यात एक जण तोंडात पदर कोंबून उभी होती.

"खोपडी मी बांधनार नाई. पोरगा माह्या घरात राहीन, या गल्लीतून हिंडन, मुखरूबाबाच्या मांडवात बसन. डाक्टर म्हने त्याले मानसात ठेव. मी त्याले मानसातच ठेवनार. तुमाले पानी बंद करायचं असन त करा. धान वाळन. धान पुढच्या साली पुन्हा रोवता येते."

मुखरू काठी टेकत आला होता. त्याला यातलं अक्षर ऐकू गेलं नसावं, पण रांगेतली मोकळी जागा त्याने पाहिली. तो त्या जागेत जाऊन लच्छूच्या शेजारी बसला. रांगेतला प्रत्येक बैल त्याच्या हातचा. म्हातारा तिथून उठेना, त्याला उठवायला कुणी धजेना आणि पोळा पुढे सरकेना. शेवटी सोमाजीने परात दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो घरी गेला. खाऊ वाटला गेला. लच्छूपर्यंत परात आली नाही. त्याला त्याचं काही नव्हतं. तो कोपराने बैलाचं चाक फिरवत होता.

त्या दिवशी कुणाचं मन पालटलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. देवाजीच्या बांधीत पाणी सगळ्यांच्या शेवटी आलं आणि धान अर्धंच झालं. चंद्रपूरला नेऊन आणलं तरी लच्छूच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली. खुरीची साथ आली तशी गेली. सोमाजी म्हणाला, सदऱ्यामुळे गेली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

पण एक झालं. मनकर्णाने तो सदरा टाकला नाही. तशीच चौकड बाजारात मिळाली नाही, म्हणून तिने आपल्या लुगड्याच्या कापडाची बाही आणि पाठ त्याला शिवली. काठाकाठाने जळक्याचा काळा डाग राहिला. लच्छूने तो निमूट घातला. गुंड्या आता आई लावून देई. आणि रोज सकाळी तो सदरा गावातून हिंडू लागला. विहिरीवरून, पारावरून, सोमाजीच्या दारावरून. ज्यांनी शिवेवर पाठ फिरवली होती, त्यांच्या समोरून तो सदरा दिवसातून दोनदा जाई. पाठ फिरवून फिरवून माणूस किती फिरवणार?

पुढच्या साली पाडव्याच्या पहाटे देवाजी सगळ्यांच्या आधी पारावर जाऊन बसला. मारबतीवर कुणी काय बांधतं ते पाहत राहिला. झाडू आले, सुपं आली. एका घरची सून तापाने सुकलेल्या लेकीचं झबलं घेऊन आली. देवाजी उठून तिच्यासमोर उभा राहिला.

"झाडू बांध बाई. लेकराचं नोको बांधू. त्याले सत्यशीलाबाईकडं ने."

ती घुटमळली. मग तिने झबलं कमरेला खोचलं आणि परत गेली. तणसाची बाई त्या साली झाडू-सुपांचीच निघाली.

शिवेवर काडी लागली, माणसांनी तोंडं गावाकडे केली आणि चालू लागली. थोडं पुढे गेल्यावर देवाजी थांबला आणि वळला. सगळ्यांनी त्याला वळताना पाहिलं. मग आदल्या साली ज्याचं डोकं बापाने धरून सरळ केलं होतं, ते पोर वळलं. या वेळी बापाने त्याला धरलं नाही. मग बाप वळला. आणखी दोघे-तिघे वळले. बाकीचे पुढे गेले.

मागे तणस जळत होतं. धूर नाल्याकडे जात होता. आणि वाटेवरून, चार हात अंतर ठेवून, ठिगळाच्या सदऱ्यातला लच्छू गुणगुणत येत होता.

देवाजी पुन्हा चालू लागला. गुणगुण ऐकू येत होती, त्याला मागे पाहायची काही गरज नव्हती. तरी घर येईपर्यंत तो अधूनमधून वळून पाहत होता.